बंद पडायलंय!

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरला कंपनी नाही, गावं आहेत. मदरबोर्ड सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून आला, प्रोसेसर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, रॅम आणि पंखा पुण्याच्या तापकीर गल्लीतून, आणि हे सगळं ज्यात कोंबायचं ते कॅबिनेट, करंट पुरवणाऱ्या एसएमपीएससकट, सोलापुरातून. धाराशिवचं त्यात काय असं कुणी विचारलं तर धूळ. ती मात्र अस्सल आणि भरपूर.

"ब्रँडेड घेणं म्हणजे नावाचे पैसे देणं, बाबा. पार्ट आणून असेंबल करू, निम्म्यात होतं," असं चिरंजीव पुण्याहून म्हणाला. तो तिथं इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळं त्याचं ऐकावं लागतं. निम्म्यात झालं हे खरं. उरलेले निम्मे नंतर हप्त्याहप्त्यानं गेले.

मदरबोर्ड आणण्याची कामगिरी उमरग्याच्या मेव्हण्यावर होती. १७ सप्टेंबर १९४८ ला आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला, त्याचं झेंडावंदन आम्ही दरवर्षी न चुकता करतो. पण काही चांगलं, स्वस्त आणि बिलाशिवाय आणायचं म्हटलं की उमरग्याचा माणूस अजून हायवेला उभा राहून हैदराबादचीच गाडी धरतो. मेव्हण्यानं मदरबोर्ड बिर्याणीच्या डब्यासोबत एकाच पिशवीत आणला. डबा वरच्या बाजूला होता, असं तो आजही शपथेवर सांगतो.

जोडणी दसऱ्याला झाली. पलंगावर जुने पेपर अंथरून चिरंजीवानं मांडामांड केली आणि मी टॉर्च धरला. टॉर्च धरणाऱ्यानं बोलायचं नसतं, हे मी लहानपणी वडिलांकडून शिकलो होतो. आता मुलाकडून उजळणी झाली. शेवटी काही स्क्रू उरले. "हे जास्तीचेच देतात," तो म्हणाला. आईनं ते सेफ्टी पिनांच्या डबीत टाकले. तिचा कंपन्यांच्या उदारपणावर विश्वास नाही. मशीन सुरू झालं, झेंडूचा हार पडला, हळद-कुंकू लागलं, आपट्याचं पान डोक्यावर बसलं. चिरंजीव पुण्याला गेला आणि होळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं.

मग बंद पडायला लागलं.

बंद पडणं म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण ऐकणाऱ्याला वाटतं हँग होत असेल. हँग होण्यात निदान माणुसकी असते. निळा पडदा येऊन इंग्रजीत दिलगिरी व्यक्त झाली तरी मी समाधान मानलं असतं. हे तसलं काही करत नाही. टक् असा एक आवाज, की अंधार. आतला पंखा सवयीनं दोन गिरक्या घेतो आणि तोही थांबतो. कधी मशीन घटकाभरानं आपणहून उठतं आणि काही झालंच नाही असा चेहरा करतं. कधी बटण दाबून बोट दुखलं तरी ढिम्म.

वेळ मात्र अचूक साधतं. रात्रभर त्यावर पत्ते खेळा, जुनी नाट्यगीतं लावा, पहाटेपर्यंत कुरकुर नाही. पण "सदर माहिती आज सायंकाळी पाचपर्यंत ऑनलाइन भरावी" असा निरोप साडेचारला आला, आणि मी वर्गातल्या सगळ्या पोरांची उंची, वजन, आधार आणि बुटांचं माप भरून शेवटच्या रकान्यात पोचलो, की टक्. एकदा 'जतन करा'वर बाण नेला, बोट खाली आलं, आणि मधल्या त्या एवढ्याशा फटीत त्यानं जीव सोडला. इतकं वेळेचं भान आमच्या शाळेत फक्त मधल्या सुट्टीच्या घंटेला आहे.

आईनं पहिल्याच दिवशी निदान केलं. "दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की आई तुळजाभवानी श्रमनिद्रेला जाते, पौर्णिमेपर्यंत उठत नाही. तू नेमका तोच मुहूर्त धरलास. ते झोपणारच."

मी तिला समजावलं, की कॉम्प्युटरमध्येही झोपेचे प्रकार असतात, स्लीप असतं, हायबरनेट असतं.

"असू देत की. देवीच्या तीन निद्रा. घोर, श्रम आणि मोह. तिन्ही पंचांगात लिहिलेल्या असतात, आधी कळतं. तुझ्या मशीनची कुठं लिहिलीय?"

याला उत्तर नव्हतं. खरं तर विंडोजमध्ये एक पंचांग असतं, पण ते उलटं. घडून गेल्यावर लिहिणारं. इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात त्याला. चिरंजीवानं फोनवरून ते उघडायला लावलं. दर मरणाची एक लाल नोंद निघाली: कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. मोठ्या आशेनं उघडली. मजकुराचा सारांश असा, की मशीन नीट बंद न होताच पुन्हा सुरू झालेलं आहे. कारणाच्या जागी शून्य. आमच्याकडच्या पोलीस पंचनाम्यासारखाच तो प्रकार: इसम मयत आहे, जागेवर आढळला, आजूबाजूला शांतता होती.

"शून्य म्हणजे काय रे?"

"म्हणजे लिहायलासुद्धा वेळ मिळाला नाही. करंटच तुटला असणार," तो म्हणाला. "किंवा हीट. किंवा बोर्ड. किंवा रॅम. किंवा बटण अडकत असेल, चार सेकंद दाबलेलं राहिलं की बंद होतं. आणखी काहीही असू शकतं."

एवढ्या फीमध्ये एवढंच शिकवतात, असं मी मनातल्या मनात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत विषय काढला, तेव्हा कळलं की जिल्ह्यात कॉम्प्युटर इंजिनिअरांची अजिबात टंचाई नाही. मी वाक्य पुरं करायच्या आत चारी बाजूंनी एकच प्रश्न आला: "रॅम पुसून लावली का?"

रॅम काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचं, फुंकर मारायची आणि परत बसवायची. हा उपाय कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर नसेल, पण भारतातला एकही कॉम्प्युटर त्यातून गेल्याशिवाय म्हातारा होत नाही. दातांवर चढलेला मळ आणि गंज खोडरबरानं जातो, त्यामुळं त्यात तथ्य आहे हीच पंचाईत आहे. दहांत एकदा खरंच गुण येतो आणि उरलेल्या नऊ वेळा त्याच्या जिवावर निघून जातात. आठवीतल्या एका मुलाचं खोडरबर मी उसनं घेतलं. मशीन थोडे दिवस चाललं. मी खोलीत पेढे वाटले, कुंथलगिरीचे. त्या संध्याकाळीच टक्.

"मग फॉरमॅट मारा," हे इतिहासाचे सर म्हणाले. इतिहासाच्या माणसानं सगळं पुसून टाकायला सांगावं! फॉरमॅट मारला. माझ्या आजवरच्या सगळ्या प्रश्नपत्रिका गेल्या, त्यामुळं त्या वर्षी पोरांना नवे प्रश्न आले आणि गावात माझ्याविषयी नाराजी पसरली. कोऱ्या करकरीत विंडोजवर मशीन नव्या उमेदीनं बंद पडलं.

मग त्याला दुकानात नेलं. स्कूटरवर पुढं कॅबिनेट, मागं ही, तिच्या मांडीवर मॉनिटर. दवाखान्यात निघालेल्या माणसाची एवढी चौकशी होत नाही तेवढी वाटेत झाली. दुकानदारानं वायर लावली, बटण दाबलं. दिवसभर चाललं. दुसऱ्या दिवशीही चाललं. दुकानातल्या पोरानं त्यावर मारामारीचा गेम खेळून शेकडो माणसं मारली, पण यानं मान टाकली नाही.

"इथं तर चालायलंय की, सर."

"घरी बंद पडायलंय हो."

"मग घरात बघा काहीतरी."

हे वाक्य त्यानं ज्या आवाजात उच्चारलं, त्यावरून दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांनी माझ्याकडं सहानुभूतीनं पाहिलं. मशीन घरी आणलं, जागेवर ठेवलं, चहाचा पहिला घोट घेतला. टक्.

'घरात बघा' हा निरोप शेजारच्या नानांपर्यंत पोचायला भिंतीएवढाच अडसर होता. नाना महसूल खात्यातून निवृत्त झाले आणि वास्तुशास्त्रात रुजू झाले. त्यांनी होकायंत्र आणलं. "तोंड दक्षिणेला! दक्षिणेला तोंड करून कोण टिकलंय?" मशीन पूर्वेकडं फिरवलं. त्यासाठी टेबल फिरवावं लागलं, टेबलासाठी कपाट, कपाटासाठी पलंग. आता मी पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून बसतो आणि पडद्यावर खिडकीतलं ऊन पडतं, त्यामुळं मशीन चालू आहे की बंद ते पटकन कळतच नाही. त्रास तेवढा कमी झाला, हे मान्य केलं पाहिजे.

वायरमन आला तो चपला काढता काढताच म्हणाला, "अर्थिंग नाही तुमच्याकडं." त्यानं तपासून सांगितलं असतं तर मला जास्त राग आला असता. कारण ते खरं निघालं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बोटांना मुंग्या येत होत्या, त्याला आम्ही आजवर नवेपणा समजत होतो. एसएमपीएसच्या तोंडाशी बसवलेले छोटे कपॅसिटर अर्थिंग नसेल तेव्हा घरातल्या २३० व्होल्टांपैकी जवळपास निम्मे पत्र्यावर आणून ठेवतात. करंट अगदी नगण्य, जीव जात नाही, पण मुंग्या येतात. हे मी हिला फळ्यावर काढून दाखवायला निघालो होतो. "म्हणजे इतके दिवस आम्ही करंटला हात लावत होतो," एवढंच तिनं त्यातून घेतलं.

अंगणात खड्डा झाला, पट्टी गेली, कोळसा आणि मीठ गेलं. वायरमन जाताना म्हणाला, "उन्हाळाभर रोज बादलीभर पाणी ओता. जमीन वाळली की अर्थिंग मेलं."

धाराशिवात मे महिन्यात बादलीभर पाणी. भीमेचं पाणी उजनीत अडवायचं, तिथून एवढ्या लांब आमच्या शहरापर्यंत उपसून आणायचं, ते नळाला येईल त्या दिवशी घरातली सगळी भांडी भरून ठेवायची, आणि त्यातली एक बादली घेऊन शिक्षकानं ती खड्ड्यात ओतायची! पहिल्या दिवशी ही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाजी धुतलेलं पाणी पुढं केलं. तिसऱ्या दिवशी आईनं खड्ड्याशेजारी आळूचा कंद लावला, म्हणजे पाणी अगदीच वाया जायला नको. मुंग्या थांबल्या. आळू फोफावला. मशीन बंद पडायचं ते पडतच राहिलं.

"व्होल्टेज असंल मग," वायरमन फोनवर म्हणाला. संध्याकाळी गल्लीतले सगळे कुलर एकदम सुरू झाले की दिवे पिवळे पडतात, हे मीही पाहिलं होतं. वीज गेली तरी एसएमपीएस आपल्या पोटातल्या साठ्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद कळ काढतो. डोळ्याची पापणी लवायला याच्या निदान पाच-सहा पट वेळ लागतो. म्हणजे दिवा गेलेला आपल्याला नीट दिसायच्या आत याचा धीर सुटलेला असतो. पोटातला साठा किती, हे एसएमपीएसच्या किमतीवर ठरतं. आमचा एसएमपीएस कॅबिनेटवर फुकट आला होता.

हे ऐकून खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण मे महिना होता, बाहेर ४१ अंश होते आणि मेव्हणा घरी आला होता. तो म्हणाला, "दाजी, हीट हाय ही."

प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला मशीन तडकाफडकी बंद करतो, हे त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. कॅबिनेटची एक बाजू उघडली आणि घरातला टेबलफॅन त्यावर लावला. आईला पुठ्ठा दिला. "त्याला पंखा, मला पुठ्ठा," हे तिनं त्या आठवड्यात भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. त्यातल्या काहींनी माझ्याकडं बघणं सोडलं.

मग थर्मल पेस्टचा प्रश्न आला. प्रोसेसरचा माथा आणि वरच्या कुलरचा तळ हे दोन्ही गुळगुळीत दिसले तरी मधे डोळ्याला न दिसणारे खळगे राहतात, त्यात हवा अडकते आणि उष्णता बाहेर पडत नाही. ते खळगे या पेस्टनं बुजवायचे. किती लावायची यावर जगात दोन पंथ आहेत. एक म्हणतो तांदळाच्या दाण्याएवढी, दुसरा म्हणतो वाटाण्याएवढी.

"वाटाणा ओला की वाळलेला?" मी विचारलं.

"सोयाबीनएवढी लावू," मेव्हणा म्हणाला. शेतकरी माणूस, त्याला तेच माप येतं.

"कुठलं सोयाबीन? भरलेलं, का परतीच्या पावसानं मारलेलं?"

यावर तो गप्प झाला आणि त्यानं भावाचा विषय काढला. तो विषय निघाला की धाराशिव जिल्ह्यात दुसरं कुठलंही काम होत नाही. पेस्ट संध्याकाळी हिनं लावली, पोळीला तूप लावतात तितकी, आणि ती पुरली. तापमान मोजलं. पासष्टच्या वर जाईना. मशीन थंडगार होतं. थंडगार असतानाच बंद पडलं.

आता उरला एसएमपीएस. चिरंजीवानं व्हिडिओ कॉलवर शस्त्रक्रिया ठरवली. एसएमपीएस मशीनपासून सोडवायचा आणि त्याच्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळीला कागदाच्या पिनेनं जोडायची. पंखा फिरला तर तो सुरू होतो असं समजायचं. ही शेजारी कोरडं लाटणं घेऊन उभी राहिली. मला करंट लागला तर लाटण्यानं मारून सोडवायचं, असं ठरलं होतं. तिची तयारी मला जरा जास्तच वाटली.

"हिरवी वायर धरा, बाबा."

"सगळ्या काळ्याच आहेत रे."

"असं कसं?"

"नवीन फॅशन असेल. एकूणएक काळ्या."

"मग खटक्याच्या बाजूनं चौथं भोक बघा."

"कुठून चौथं? माझ्या डावीकडून का तुझ्या?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मागं हॉस्टेलची पोरं हसताना ऐकू येत होती. शेवटी पीन बसली, वीज दिली, पंखा फिरला. हिनं लाटणं खाली घेतलं, थोड्या उशिरानं.

"म्हणजे एसएमपीएस चांगला आहे?" मी विचारलं.

"म्हणजे सुरू होतो. लोड आल्यावर काय करतो ते यावरून नाही कळत."

मग हे सगळं केलं कशासाठी, असं विचारायचं मी टाळलं. एसएमपीएसला वॉरंटी होती, म्हणून त्याच्या कंपनीला फोन लावला. कंपनीचं नाव सांगत नाही. त्यांनाही माझं कधी नीट कळलं नाही.

"सर, आपला जिल्हा?"

"धाराशिव."

"लिस्टमध्ये नाही, सर."

"उस्मानाबाद बघा."

"हो, आहे. पण आपल्या बिलावर धाराशिव आहे. पत्ता मॅच होत नाही."

मी सांगितलं, की बाई, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून जुनं नाव होतं, २०२३ मध्ये ते बदललं, पिनकोड तोच, ४१३५०१, घर तेच, बिघाड तोच. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, नाव बदलल्याचा काही पुरावा अपलोड करता येईल का?" राज्य सरकारची अधिसूचना मी शोधून काढली, जोडली, आणि अपलोड नव्वद टक्क्यांवर आलं असताना टक्.

त्या रात्री आईनं मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून टाकल्या आणि कॅबिनेटच्या कडीला लिंबू-मिरची बांधली. त्याच आठवड्यात वायरमननं एक्स्टेन्शन बोर्ड बदलला आणि कॅबिनेट दोन विटांवर ठेवलं. मेव्हण्यानं सोलापुरातून, कंपनीची वाट न बघता, दुसरा एसएमपीएस आणला आणि बसवला. मी पुन्हा एकदा रॅम पुसली. नानांनी टेबल आणखी थोडं ईशान्येला सरकवलं. पाऊसही त्याच आठवड्यात आला.

आणि बंद पडणं थांबलं.

पुढचा महिना घरात श्रेयाचं वाटप चाललं होतं. नाना येता-जाता "कसं चाललंय?" असं विचारत आणि उत्तराच्या आधीच ईशान्येकडं बघून मान डोलावत. वायरमननं बोर्डाचे पैसे घेतले नाहीत, पण गल्लीत माझ्या घराचा दाखला देऊन सहा घरी अर्थिंगचे खड्डे खणले. इतिहासाचे सर म्हणाले, फॉरमॅटचा गुण उशिरानंच येतो. मेव्हणा तर एसएमपीएसचं बिल दाखवत हिंडत होता. आईला कुणाशी वादच घालायचा नव्हता. तिनं तुळजापूरला नवस बोलला होता आणि नवरात्रात आम्हा दोघांना तिथवर चालत नेऊन तो माझ्याकडून फेडूनही घेतला.

दिवाळीला चिरंजीव आला. विटांवर बसलेलं, पूर्वेकडं तोंड केलेलं, एक बाजू उघडी टाकलेलं, टेबलफॅनचा वारा खात असलेलं आपलं मशीन त्यानं दारातूनच पाहिलं. अंगणात मी बादली ओतत होतो. पावसाळा नुकताच संपलेला, जमीन ओलीकच्च, आळू कमरेएवढा.

"बाबा, हे सगळं अजून कशाला चालू आहे? नवा एसएमपीएस बसवलाय ना? तोच बिघडला होता."

"तोच कशावरून?"

"सोपं आहे. एकेक काढून बघू. तुम्हीच शिकवता ना आठवीला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या. मग कळतं." आणि त्यानं सगळ्यात आधी कडीला लटकलेल्या वाळक्या लिंबाकडं हात नेला.

"हात लावू नकोस त्याला!"

आई त्या वेळी देवळात गेली होती, आणि हिच्या तोंडात चकली होती.